सात नंबरचा मुक्काम

"नाना, तंबूचं तोंड कुठल्या बाजूला करायचं?" जावयाने तंबूच्या आतूनच विचारलं.

तंबू काही समुद्रावर नव्हता, नानांच्या दिवाणखान्यात होता. आदल्या दिवशी जावईबापूंनी तो 'नुसता उघडून बघू या' म्हणून उघडला आणि तेव्हापासून तो काही केल्या पुन्हा पिशवीत जाईना. लेक-जावई राहायचे वरच्या मजल्यावर, पण वरची खोली लहान, म्हणून हा पाहुणा खाली उतरलेला. सोफा भिंतीला टेकला, टीव्ही तंबूमागे गडप झाला, आणि नानांची बायको माई चहाचा कप घेऊन बाहेर येताना दर वेळी दोरीला अडखळून जावयाचा उद्धार करू लागली. अर्थात, तो ऐकत नसताना.

"ईशान्येला," नाना खुर्चीतून म्हणाले. "तिथे वारा नैऋत्येचा. त्याच्याकडे पाठ करायची. आणि खुंट्या ठोकायच्या भानगडीत पडू नका. वीतभर मातीखाली कातळ लागतो. दोऱ्यांना दगड बांधा."

"आणि प्यायचं पाणी?" लेकीने विचारलं. ती जमिनीवर फतकल मारून यादी करत बसली होती. शाळेत शिकवायची, तिच्या यादीलाही डावीकडे समास असायचा.

"खोलीच्या मागे टाकं आहे, पावसाच्या पाण्याचं. चवीला मचूळ, पण बाधत नाही."

दहा वर्षांची नात, जिला घरात सगळे चिमणी म्हणत, पोटावर पालथी पडून नकाशा काढत होती. तिने टाकं काढलं, त्याच्याशेजारी वारा मोजायचा खांब काढला, खांबाला शिडी काढली. मग तिने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. "आजोबा, तुम्ही किती वेळा गेलात हो तिथे?"

"एकदाही नाही," नाना म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे सगळे हसले. हा त्या घरातला जुना विनोद होता.

खरंच, नाना तिथे कधीच गेले नव्हते. हवामान खात्याच्या मुख्य कचेरीत वायरलेसच्या टेबलावर त्यांनी तेहतीस वर्षं काढली. किनाऱ्यावर खात्याची अकरा ठाणी होती आणि प्रत्येक ठाण्यावर एक निरीक्षक. ठाण्याला नाव होतं, माणसालाही असणारच, पण कचेरीत कुणी ते घेत नसे. नुसता नंबर. सात नंबर सगळ्यांत लांबचं, समुद्रात घुसलेल्या खडकावर. तिथे रस्ता नाही, आठवड्यातून एकदा, गुरुवारी दुपारी, बोट. निरीक्षकाने तिथे एकट्याने राहायचं आणि सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा असं तीन वेळा वारा, दाब, तापमान सांगायचं. नानांनी ते मोठ्या नोंदवहीत उतरवून घ्यायचं. आकडे सांगून झाले की सात नंबर दोन-चार वाक्यं जास्तीची बोलायचा. टाक्यात बेडूक पडला, शिडी गंजली, आज डॉल्फिन दिसले. नानांनी त्याला सात नंबर म्हणून आणि त्याने नानांना हेड ऑफिस म्हणून नऊ वर्षं दिवसातून तीनदा ओळखलं, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही.

आता ती ठाणी बंद पडली होती. यंत्रंच सगळं मोजतात, माणसाला कोण विचारतो. सात नंबरच्या सपाटीवर हल्ली लोक तंबू टाकून दोन-दोन दिवस राहतात हे लेकीला कुठेतरी कळलं, आणि तिने ठरवूनच टाकलं. पुढच्या महिन्यात तिला चाळीस पूर्ण होत होती. वाढदिवस तिथेच.

त्याला कारण होतं. ती जन्मली त्या दिवशी नानांनी ही बातमी वायरलेसवर सात नंबरला दिली, आणि त्याने निरोप पाठवला, "पोरगी नशीब काढेल. इथे समुद्र शांत आहे." हा निरोप लेकीने लहानपणापासून शंभरदा ऐकला होता. परीक्षेला जाताना माई तो म्हणायची. लग्नाच्या दिवशी म्हणाली होती. चिमणीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा लेक स्वतःच म्हणत होती, समुद्र शांत आहे, समुद्र शांत आहे. घरातलं देवाचं वाक्य म्हणा ना. त्या निरोपानंतर दोनच दिवसांनी सात नंबर बिचारा शिडीवरून पडून गेला, हेही सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्या वाक्याला आणखीच किंमत.

"एक काम तुमच्याकडे, नाना," यादीची घडी घालत लेक म्हणाली. "तिथल्या बाईंना फोन करायचा. सकाळी दहा ते बारा एवढाच लागतो म्हणे, आणि मी तेव्हा शाळेत. पाच माणसांची जागा आहे का, आणि बोट किती वाजता, एवढंच विचारायचं. कोणी म्हाताऱ्या बाई आहेत, त्याच बघतात सगळं."

नानांनी नंबर लिहिलेला कागद घेतला, चष्म्याच्या घरात ठेवला आणि म्हणाले, "बघतो."

कोणी म्हाताऱ्या बाई. त्या कोण हे नानांना पक्कं ठाऊक होतं. निरीक्षक गेल्यावर खात्याने त्याच्या बायकोला त्याच ठाण्यावर राखणदार म्हणून घेतलं होतं. तो हुकूम नानांच्याच टेबलावरून गेला होता.

सोमवारी नाना म्हणाले, फोनला रेंज नव्हती. मंगळवारी म्हणाले, घंटी वाजली पण कुणी उचलला नाही. बुधवारी त्यांचा घसा बसला. गुरुवारी चष्माच सापडेना, आणि चष्म्याच्या घरातच कागद, म्हणजे पंचाईत. माईने चष्मा फ्रिजवरून शोधून आणून दिला तेव्हा साडेबारा झाले होते.

"तुम्हाला जायचंच नाही, सरळ सांगा ना," लेक शुक्रवारी संध्याकाळी तंबूच्या दोरीवरून पाय टाकत म्हणाली. "गुडघे दुखतात म्हणा, समुद्राची भीती वाटते म्हणा. पण असं झुलवत ठेवू नका. मी मुलांना सुद्धा एवढी कारणं देऊ देत नाही."

"उद्या करतो."

"नक्की?"

"नक्की."

ती वर गेली. नाना बसून राहिले. घड्याळात सहा वाजत होते, आणि गेली चाळीस वर्षं सहाला व्हायचं तेच झालं. कानात खरखर सुरू झाली. आधी नुसती खरखर, मग तिच्यामागून आकडे. वारा नैऋत्य, बारा. दाब एक हजार आठ. तापमान अठ्ठावीस. आकडे ऐकू यायचे ते नानांच्या स्वतःच्या आवाजात. सात नंबरचा आवाज कसा होता हे आठवायला ते धडपडायचे, पण तो काही यायचा नाही.

झालं होतं ते असं. लेक जन्मली त्या मंगळवारी सकाळी सहाला सात नंबर बोललाच नाही. नानांनी हाका मारून पाहिल्या, नुसती खरखर. आता, दमट हवेत तिथला संच रुसायचा, हे नित्याचंच होतं. अशा वेळी काय करायचं त्याची कचेरीत एक वहिवाट होती. कोरा रकाना ठेवायचा नाही. कोरा रकाना दिसला की वरून मेमो यायचा, खुलासा द्या, आणि मग बोट पाठवा, तंत्रज्ञ पाठवा, हेडक्लार्कची बोलणी खा. म्हणून वरच्या ओळीखाली दोन अक्षरं लिहायची, व. प्र. म्हणजे वरीलप्रमाणे. संच सुरू झाला की निरीक्षक मागचे आकडे सांगायचा, मग ते गुपचूप चढवायचे. सगळेच करायचे. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं जायचं.

नानांनी सकाळी व. प्र. लिहिलं. साडेअकराला दवाखान्यातून फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाराला सात नंबर पुन्हा गप्प, पुन्हा व. प्र. पण सलग तिसऱ्यांदा तसं लिहिलेलं साहेबांना चालत नसे, म्हणून संध्याकाळी सहाला नानांनी आकडे बनवले. दाब एका अंकाने उतरवला, खरा वाटावा म्हणून. जोडीदार रजेवर, दिवसभर एकटे टेबलावर, आणि पाय दवाखान्याकडे ओढत होते. वही मिटली तोच टेलिफोन वाजला.

सात नंबरची बायको पलीकडच्या गावात राहायची, कारण ठाण्यावर घरच्यांना ठेवायची परवानगी नव्हती. रोज संध्याकाळी ती दुकानातून फोन करून एकच विचारायची, "आलं का ह्यांचं?" रीडिंग आलं म्हणजे माणूस ठीक. नाना म्हणाले, "आलं, वहिनी." आनंद पोटात मावत नव्हता, म्हणून पुढे म्हणाले, "मला मुलगी झाली."

"अगंबाई. ह्यांना सांगितलंत का?"

"सांगितलं की."

"काय म्हणाले?"

तेव्हा नानांच्या तोंडून ते वाक्य निघालं. पोरगी नशीब काढेल, इथे समुद्र शांत आहे. कुठून आलं देव जाणे. अर्ध्या तासाने माईनेही तेच विचारलं, "सात नंबरला कळवलंत?" आणि नानांनी तेच सांगितलं.

बुधवारी तीन वेळा आकडे बनवले. संध्याकाळी वहिनींना म्हणाले, "आलं." गुरुवारी दोनदा. एकंदर आठ. गुरुवारी दुपारी दोनला बोट पोचली तेव्हा निरीक्षक शिडीखाली पडलेला होता, मांडी मोडलेली, मेलेला. बोटवाला म्हणाला, हा कधीचा पडलाय, दोन दिवस तरी झाले असतील. कचेरीने वही काढून दाखवली. बाराचं रीडिंग नोंदलेलं आहे, माणूस दोन दिवसांपूर्वी कसा पडेल? बोटवाल्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं. नाना मूग गिळून बसले. आधी भीतीने, मग लाजेने, आणि पुढे पुढे तर सांगायचं कुणाला आणि कशाला, असं म्हणून.

शनिवारी सकाळी दहाला नानांनी फोन लावला. माई जवळच भाजी निवडत होती. तिसऱ्या घंटीला कुणीतरी उचलला. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"कोण?"

"ते तंबूसाठी जागा हवी होती," नाना म्हणाले. "पाच माणसं."



"हेड ऑफिस," बाई म्हणाल्या. "तुम्ही हेड ऑफिस ना?"

"कसं ओळखलंत, वहिनी?"

"रोज ऐकायचे की. आवाज म्हातारा झाला, पण बोलायची ढब तीच. बसलाय ना नीट? मुलगी कशी आहे तुमची?"

"बरी आहे. तिचाच वाढदिवस. म्हणून येणार म्हणतात सगळे."

"येऊ दे, येऊ दे. मला बघायचीच आहे ती. आमच्या ह्यांचं शेवटचं बोलणं तिच्याबद्दलचं. माझ्या मनात किती वेळा येतं, जाताना तोंडात चांगलं बोलणं होतं. आणि गुरुवारी बाराचं रीडिंग सांगितलं, म्हणजे पडले ते त्यानंतर. दोनला बोट. फार तर तास-दीड तास. हाल नाही झाले. त्याच्यावर तर मी काढले हो इतके दिवस."

माईने भाजीतून मान वर केली.

"बरं झालं तुमचा फोन आला," वहिनी सांगत होत्या. "एक काम होतं. त्यांची इथली वही मी जपून ठेवली आहे, येणाऱ्यांना दाखवते. तिच्यात सोमवारपर्यंत सगळं लिहिलेलं आहे, पुढची दोन-अडीच दिवसांची पानं तेवढी कोरी. लोक विचारतात, हे असं का? मी म्हणते, आधी वायरलेसवर सांगून टाकायचे, लिहायचं राहून गेलं असेल. तुमच्या कचेरीत चौकशी केली मध्ये, तर म्हणाले जुन्या वह्या रद्दीत गेल्या. पण तुमच्या लक्षात असतील तर सांगा ना आकडे. आठच आहेत. मी लिहून टाकते. पेन घेतलंय."

आठही आकडे नानांच्या जिभेवर होते. पहिले दोन व. प्र., म्हणजे सोमवार संध्याकाळचेच, मग दाब एक हजार सात, मग पुन्हा एक हजार आठ. ते झोपेत विचारले तरी सांगितले असते. दोन मिनिटांचं काम होतं. वहिनींची वही भरली असती, त्यांचा तास-दीड तास शाबूत राहिला असता, लेकीचं वाक्य शाबूत राहिलं असतं, आणि नानांना आयुष्यभर जे जमलं होतं तेच आणखी एकदा करायचं होतं.

"सांगा," वहिनी म्हणाल्या. "मंगळवार, सकाळी सहा."

"आलं नव्हतं," नाना म्हणाले.

"काय?"

"मंगळवारी सकाळी रीडिंग आलं नव्हतं, वहिनी. त्यानंतर एकही आलं नाही. मी बनवले आकडे. आठही."

वारा ऐकू येत होता.

"मी फोन केला होता तुम्हाला," वहिनी सावकाश म्हणाल्या. "मंगळवारी संध्याकाळी."

"हो."

"बुधवारीसुद्धा."

"हो."

"तुम्ही म्हणालात, आलं."

"हो."

"आणि ते मुलीबद्दल?"

"ते मीच म्हटलं. ते बोलले नाहीत काही."

माईच्या हातातली शेंग तशीच राहिली. पलीकडे वहिनी हिशेब लावल्यासारख्या बोलू लागल्या. "म्हणजे मंगळवारी सहाचं घ्यायला शिडीवर चढले असतील. तेव्हाच. आणि बोट गुरुवारी दोनला. किती तास झाले हे?"

हा हिशेब नानांनी करायचा शिल्लक ठेवला नव्हता. "छप्पन्न," ते म्हणाले.

"छप्पन्न," वहिनी म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

माईने उठून पंखा वाढवला, पाण्याचा पेला आणून नानांसमोर ठेवला, आणि पुन्हा भाजीपाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "मी ते वाक्य पोरीच्या लग्नात चारचौघांत सांगितलं हो." नानांना रडू आलं. माईने ते बघितलं आणि शेंगा मोडत राहिली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

लेक शाळेतून आली तेव्हा नानांनी तिला तंबूशेजारी बसवून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. ती ऐकत असताना यादीच्या कागदाचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती.

"जागा आहे का नाही, ते सांगितलं का त्यांनी?" शेवटी तिने विचारलं.

"नाही."

"दवाखान्यात किती वाजता पोचलात तुम्ही त्या दिवशी?"

"साडेसहाला."

"सहाला आकडे बनवून."

"हो."

"खुलासा लिहीत बसला असतात तर?"

"नऊ वाजले असते. कदाचित दहा."

"म्हणजे माझ्यासाठी धावलात."

"तुझ्यावर घेऊ नकोस ते," नाना म्हणाले. "मंगळवारचे पहिले दोन तुझ्याकडे यायच्या गडबडीतले नाहीत. बुधवारचे तीन नाहीत, गुरुवारचे नाहीत. एकाचं कारण तू असशील, बाकी सातांचं मीच. चाळीस वर्षं सांगितलं नाही त्याचं एक कारण हेच, की तू ते स्वतःवर घेशील."

लेक उठून वर गेली. संध्याकाळी चिमणी खाली आली नाही, तिला पाठवलं नसावं. जावई एकटा आला, तंबूच्या दोऱ्या सोडल्या, काठ्या काढल्या, आणि अर्ध्या तासात तो अवघड तंबू घडी होऊन पिशवीत गेला. नानांकडे न बघता तो म्हणाला, "जमलं बुवा." दिवाणखाना एकदम फार मोठा दिसायला लागला.

रविवारी सगळे घरीच होते. सव्वादहाला फोन वाजला तेव्हा तो लेकीच्या हाताशी होता. तिने नंबर पाहिला आणि फोन नानांपुढे धरला.

"तुमचा आहे," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.

"हेड ऑफिस का?" वहिनींचा आवाज घोगरा झाला होता.

"हो, वहिनी."

"एक विचारायचं राहिलं काल. तुम्ही त्या दिवसांत ह्यांना वायरलेसवर हाक मारत होतात ना?"

"मारत होतो."

"काय म्हणून मारायची असते ती?"

"सात नंबर, सात नंबर, हेड ऑफिस बोलतोय, बोला."

"किती वेळा?"

"मंगळवारी सकाळी दहा-बारा वेळा. दुपारी पाच-सहा. संध्याकाळी तीन-चार."

"बोटवाले म्हणाले होते, आतलं यंत्र खरखरत होतं. सुरूच होतं ते. खोलीचं दार उघडं. शिडीपासून दार दहा पावलं आहे. मी आज सकाळी चालून पाहिलं." त्या थांबल्या. "म्हणजे त्यांना ऐकू जात असणार."

नाना खुर्चीच्या हाताला धरून बसले. चाळीस वर्षं त्यांनी त्या माणसाला शिडीखाली पडलेलं पाहिलं होतं, तहानलेलं पाहिलं होतं, उन्हात पाहिलं होतं. पण त्यांच्या मनात तिथे कायम शांतता असायची. आपला आवाज तिथे होता, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तो माणूस पडल्या पडल्या ऐकत होता, आणि उत्तर द्यायला त्याला आत जाता येत नव्हतं.

"जात असणार," ते म्हणाले.

"म्हणजे अगदीच एकटे नव्हते. कुणीतरी हाक मारत होतं." वहिनींचा आवाज जरा सावरला. "शेवटपर्यंत मारत होतात ना? गुरुवारीसुद्धा?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. वहिनींना तेवढंच हवं होतं, आणि खरं काय ते सांगणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. लेक समोर उभी राहून नानांच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही, वहिनी," नाना म्हणाले. "बुधवारी सकाळी एकदा मारली, दुपारी एकदा. बुधवारी संध्याकाळपासून मारलीच नाही. सरळ आकडे लिहिले."

पलीकडे वारा होता, आणि वाऱ्याच्या मागे लाटा. नानांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. चहा घेऊन आलेली माई दारातच थांबली.

"बरं," वहिनी म्हणाल्या.

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पाच माणसं म्हणालात ना?"

"पाच."

"बोट सकाळी आठला सुटते. उशीर करू नका, ओहोटी लागली की धक्क्याला लागत नाही. पांघरुणं इथे आहेत, आणू नका."

"बरं."

"पाचांत तुम्ही आहात का?"

नानांनी लेकीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"आहे," नाना म्हणाले.

"मग बोटीतून उतरलात की खालूनच हाक मारा," वहिनी म्हणाल्या. "मी वर असते. ऐकू येतं."